बर्फाच्या कारखान्यातली रात्रपाळी

इथं आधी बर्फ व्हायचा. मिरकरवाड्याच्या सगळ्या बोटी
इथल्याच लाद्या भरून जायच्या.
मी तेव्हा कॉम्प्रेसरवर होतो, आता यूपीएसवर आहे.
मालक तोच, जनरेटर तोच,
हवा दमट झाली की अमोनियाचा वास अजून
भिंतीतून डोकावतो.

चौसष्ट खुर्च्या, एकसष्ट हेडसेट.
उरलेले तीन माझ्या टेबलावर, पोट फाडलेले.
खारी हवा आधी सोल्डर खाते,
मग पिनांवर हिरवं धरतं, न घासलेल्या तांब्यावर धरतं तसं.
कापसाला स्पिरिट लावून पुसायचं.
कानावरचा स्पंज दर दोन महिन्यांनी नवा,
कारण हेडसेट एकच आणि घाम तीन पाळ्यांचा.

लाइनी दोन. एक घाटातून, कोल्हापूरकडून;
ती रस्त्याच्या कामावरचा जेसीबी महिन्यातून एकदा तोडतोच.
दुसरी टेकडीवरच्या टॉवरची,
करंगळीएवढ्या नळाच्या पाण्यासारखी.
एकीवरून दुसरीवर जायला मशीनला चार सेकंद लागतात
आणि तेवढ्यात चौसष्ट जण एकदमच
हॅलो? हॅलो? म्हणतात,
पोरं विहिरीत वाकून ओरडतात तसे.

फोन वाजत नाही इथं. लोकांना वाटतं वाजत असेल.
कानात नुसतं टिक्, आणि माणूस आत,
ज्याचा फ्रिज बिघडलाय.
तिकडच्या कुठल्याशा कंपनीच्या फ्रिजांची वॉरंटी आमच्याकडे आहे.
बर्फ धरत नाही, अशी पाचातल्या एकाची तक्रार.
बर्फाच्या कारखान्यात बसून आमची पोरं सांगतात,
प्लग काढा, तीसपर्यंत मोजा, परत लावा.
पहिल्या दिवशी मी हसलो होतो. मग पगार झाला.

सहा मिनिटं चाळीस सेकंदांत माणूस आटपायचा.
वर गेलं की पडद्याचा कोपरा पिवळा, मग तांबडा.
गावाचं नाव सांगायचं नाही.
हवा विचारली तर, छान.

मुबीना साखरकरच्या हेडसेटमध्ये खरखर होती.
मी जोडवायर लावून शेजारी बसलो, तिच्या कानातलं माझ्या कानात.
पहाटेचे चार. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ.
मेन नावाच्या राज्यातला म्हातारा,
फ्रीझर गार होत नाही, आत आमिष भरलेलं
शेवंडांच्या सापळ्यांसाठी, वास सुटलाय.
ती मॉडेल नंबर विचारत होती
आणि धक्क्याकडून भोंगा झाला.

अर्धा फूट कॉर्क आहे या भिंतींत. उन्हाळा अडायचा. भोंगा नाही अडत.

म्हातारा थांबला. बोट?
पडद्यावर याचं उत्तर नव्हतं.
मुबीनाचं बोट म्यूटवर गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं.
आत येतेय का बाहेर चाललीय, त्यानं विचारलं.

एक लांब, दोन आखूड. तिच्या मामूची.
परवा यायची होती.

तिनं बोट काढलं.
आत येतेय, सर.
भरून?
अजून कळलं नाही.

मग दोघंही गप्प. कोपरा पिवळा झाला.
मी सवयीनं मोजत होतो: एकोणीस.
त्याच्याकडे कुठलं तरी भिंतीवरचं घड्याळ, आमच्याकडे एसी.
खरखर कधी गेली मला कळलं नाही.
मग तिनं मॉडेल नंबर विचारला, त्यानं दिला.

सोमवारी क्वालिटीची चिठ्ठी आली.
अनावश्यक शांतता, १९ सेकंद. चार गुण वजा.
पार्श्वभूमीत आवाज: शिरधनकर यांनी भिंत बघून घ्यावी.

बघितली. उंदरांनी कॉर्क पोखरलाय,
मूठ जाईल एवढा.
थर्माकोल आणून मापात कापला.
तो टेबलाखाली आहे, खोक्यांमागे.

मामूच्या बोटीला दोन टोपल्या सौंदाळे मिळाले,
बाकी इंजिनाचं दुखणं. मुबीनानं चहाच्या वेळी सांगितलं.
म्हाताऱ्याला हे कळवायची सोय नाही.
आमच्याकडून कॉल फक्त आत येतात.